शनिवारचे दात

आर्विका,
एप्रिल, तळ्यावरचा बर्फ सुटायच्या बेतात

तीर्थस्वरूप सिग्नेताईस,

धाकट्याचा, म्हणजे सिक्स्टेनचा, वाकून नमस्कार. (कंबर आता फारशी वाकत नाही, पण पत्रात वाकायला काय जातं.) तुझा गुडघा, तुझं मांजर आणि तुझ्या डोक्यावर राहून पियानो शिकणारा तो गृहस्थ, या तिघांची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो, निदान पहिल्या दोघांची तरी. तिकडे योतेबोरीत म्हणे झाडांना पालवी फुटली. इथे नुसता चिखल आहे, आणि अंगणातला बर्फ वितळल्यावर खालून माझा एक हातमोजा निघाला, ज्याचा जोडीदार मी नाताळात चिडून फेकून दिला होता. मी खुशाल आहे. जेवतो, चालतो, झोपतो. दातांचं थोडंसं काहीतरी झालं होतं. मुद्दाम पत्र लिहून कळवावं असं काही नाही, पण लिहायला बसलोच आहे तर सांगतो.

आपल्या घरात दात ही काही साधी गोष्ट नव्हती हे तुला मी काय सांगणार. तू कपाटावर ठेवायचीस ती खाऊची कागदी पिशवी मला अजून दिसते. शनिवारी दुपारचं जेवण झालं की ती खाली यायची, आणि रविवारी सकाळी माझ्याकडे लिकोरिसचा एखादा तुकडा उरलेला सापडला तर तोही पुढच्या शनिवारपर्यंत जप्त. पुढे तू फ्लोराइडबाई होऊन शाळाशाळांत फिरलीस, पोरांना रांगेत उभं करून त्यांच्या तोंडात औषधाचं पाणी भरलंस आणि "खुळखुळवा" आणि "थुंका" असे दोनच हुकूम सोडत आयुष्य काढलंस. (आर्विकातली निम्मी माणसं तुझं नाव निघालं की अजून नकळत गाल फुगवतात.) फ्लोराइडबाईचा सख्खा भाऊ म्हणून मी ताठ मानेने जगलो. माझा एकही दात किडला नाही. शनिवारचा खाऊ शनिवारीच, हा नियम मी लग्नात मोडला नाही, नोकरीत मोडला नाही, अगदी माझी गुद्रून गेली त्या आठवड्यातही मोडला नाही. आता रोज सकाळ-दुपार कॉफीबरोबर दालचिनीचा पाव असतो, पण तो काही कोणी गोड म्हणून खात नाही, तो कॉफीचाच भाग आहे.

तर गोष्ट सुरू होते बँडपासून. एप्रिलअखेरीला, वालबोरीच्या संध्याकाळी, तळ्याकाठच्या टेकडीवर होळी पेटली की वसंताच्या गाण्याचं पहिलं कडवं कॉर्नेटवर एकट्याने वाजवायचं असतं, आणि मग गायकमंडळी ते उचलतात. आधी बाबा वाजवायचे, त्यांच्यामागून मी वाजवतो. त्या कडव्यात एक वरचा सूर आहे. तो गाठायचा तर वरच्या पुढच्या दातांचा ओठाला पक्का आधार लागतो. मार्चमधल्या सरावाला त्या जागी माझ्या कॉर्नेटमधून सुराऐवजी नुसता वारा आला. उल्रिका (शाळेत संगीत शिकवते, आमचा बँड हल्ली तिच्या ताब्यात आहे) हिने हात खाली केला. तिने बेर्तिलकडे बघितलं. सुताराचा बेर्तिल तुला आठवत असेल. त्याच्या तोंडात आता वर-खाली कवळी आहे. ती तो सकाळी चिकटवतो आणि दिवसभर मला ऐकवतो, "सिक्स्टेन, दातच नसले की दातांची कटकट नाही बघ." कॉर्नेट तोही वाजवतो, पण सुराच्या आसपास. लोकांना तेवढं चालतं. सराव संपल्यावर उल्रिका म्हणाली, "वालबोरीच्या आधीच्या सरावाला तुमचं पुन्हा एकदा ऐकते. तोवर बेर्तिल ते कडवं नुसतं बसवून ठेवेल." त्या 'नुसतं'चा विचार करत मी घरी आलो आणि आरशासमोर उभा राहिलो. वरचे पुढचे दोन दात मला पूर्वीपेक्षा लांब वाटले. जिभेने ढकलून पाहिले, तर त्यातला एक हलला. फार नाही, पण हलला.

म्हणून दवाखान्यात गेलो. तिथे दात साफ करायला होदान नावाची मुलगी आहे. तिचे आईवडील सोमालियाचे, पण ती इथली बोली बोलते अशी की आपल्या गावच्या म्हाताऱ्यांनीही शिकवणी लावावी. मी बसल्याबसल्या तिला सांगितलं की माझा एकही दात किडलेला नाही, आणि हेही सांगितलं की मी कोणाचा भाऊ. "अगंबाई, सिग्नेबाईंचे?" ती म्हणाली. "माझ्या सासूबाई लहानपणी त्यांच्या रांगेत असायच्या, अजून झोपेत 'थुंका' म्हणतात." मग तिने एक बारीक सळई घेऊन प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत खुपसायला सुरुवात केली आणि शेजारच्या बाईला आकडे सांगत गेली. आकडे मोठे होत गेले तसा मी मनात खूश, म्हटलं मार्क चांगले पडतायत. नंतर कळलं की हिरडी दातापासून किती सुटली त्याचे ते आकडे, आणि या परीक्षेत कमी मार्कवालाच पास होतो.

"स्नूस घेता का हो काका?" तिने मग विचारलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की नाताळापासून तंबाखूच्या डबीला शिवलो नाही. मी अगदी मनापासून बोलत होतो, ताई. होदान "बरं" म्हणाली, दोन बोटांनी माझा वरचा ओठ उचलला, चिमटा आत घातला आणि एक ओली पुडी काढून समोरच्या ताटलीत ठेवली. "मग ही कोणाची?" आम्ही दोघांनी पुडीकडे पाहिलं. सकाळच्या कॉफीनंतरची असावी. आता हे तुला खोटं वाटेल, पण ती आत आहे हे मला खरोखर ठाऊक नव्हतं. जन्मभर जी वस्तू ओठाखाली राहिली ती असल्याचं माणसाला कळत नाही, नसल्याचं तेवढं कळतं. सोडायची हे मी ठरवलं होतं, हाताला कळवायचं राहून गेलं.

होदान हसली नाही (तेव्हा नाही), तिने मला आरसा दिला. पुडी जिथे बसते नेमकी तिथेच हिरडी वर सरकलेली. "दात तुमचे ठणठणीत आहेत काका," ती म्हणाली, "पण त्यांना धरून ठेवणारं आजारी आहे. खाऊ शनिवारी खाल्लात म्हणून कीड लागली नाही, ते छानच. पण हिरडीला शनिवारशी देणंघेणं नाही. दातांच्या फटीत रोज बसतं ते रोज काढावं लागतं, नाहीतर ते हळूहळू मुळाकडे उतरतं." तिने मला फटीत घालायच्या बारीक ब्रशांचं पाकीट दिलं. रोज संध्याकाळी प्रत्येक फटीत हा ब्रश, मग पेस्ट लावून नेहमीचं घासणं, हिरडीच्या कडेने, हलक्या हाताने. मग थुंकायचं, पण पाण्याने चूळ भरायची नाही, नाहीतर पेस्टमधलं फ्लोराइड वाहून जातं. आणि पुडी बंद.

आता माझं काय चुकलं ते सांगतो, आणि आर्विकात वाढलेला कोणीही इथे चुकला असता. पहिल्या संध्याकाळी ब्रश घातला तर तोंडातून असं रक्त आलं की मला हिरडीची दया आली. म्हटलं, बिचारीला विश्रांती द्यावी. मग शांतपणे विचार केला. खाऊ शनिवारी, म्हणजे घाण शनिवारी, म्हणजे सफाईही शनिवारीच करायची. झाल्या दिवशीच काढली की संपलं. त्याप्रमाणे मी दर शनिवारी संध्याकाळी टॉवेल गळ्यात बांधून, दिवे लावून, सगळ्या फटी साग्रसंगीत साफ करू लागलो. बाकीचे दिवस ब्रश रिकामेच. मला रिकामी वस्तू बघवत नाही (हे बाबांचं), आणि एकदा बसल्याबसल्या लक्षात आलं की हा ब्रश कॉर्नेटच्या मुखाच्या भोकात जणू मापाने केल्यासारखा बसतो. ताई, आतून जे हिरवं निघालं त्यातलं काही नक्की बाबांच्या काळातलं होतं. मी रोज थोडं थोडं करत मुख, नळ्या, कानेकोपरे, सगळं लख्ख केलं. पाकीट संपलं म्हणून दुसरं मागायला गेलो.

पाकीट संपलं हे ऐकून होदानला फार आनंद झाला. "तोंड उघडा," ती म्हणाली. मी उघडलं. तिने एकेक फट तपासली. मग म्हणाली, "काका, ब्रश संपले कशावर?" दातखीळ बसल्याचं सोंग करावं असं क्षणभर वाटलं, पण तोंड उघडं असताना ते जमत नाही. मी खरं सांगितलं. तिने तोंडावरची पट्टी खाली ओढली, खुर्चीच्या पाठीला धरलं आणि हसून हसून डोळे पुसले. "म्हणजे कॉर्नेटच्या हिरड्या उत्तम आहेत तर." मग ती स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "रक्त येतं म्हणून तुम्ही थांबलात. पण थांबता म्हणूनच रक्त येतं. रोज करा, मंगळवारीसुद्धा, आणि बघा ते बंद होतं की नाही. दाताखालचं हाड एकदा गेलं की परत येत नाही. आत्ता सुरुवात केलीत तर हा दात राहील. नाहीतर बेर्तिलकाका कवळी कशाने चिकटवतात ते विचारून ठेवा."

त्यावर मला हसू यायला हवं होतं, पण मला आई आठवली. लग्नाच्या आधी आजोबांनी तिचे सगळे दात काढवले आणि आहेर म्हणून कवळी करून दिली, का तर पुढे नवऱ्याला दातांचा खर्च नको. त्यातले निम्मे दात चांगले होते असं तीच एकदा म्हणाली होती, बटाटे सोलता सोलता, जणू दुसऱ्या कोणाचे असावेत. वालबोरीला सगळा गाव गायचा आणि ती बाबांच्या शेजारी ओठ मिटून गुणगुणायची, कवळी निसटेल म्हणून. खुर्चीत पडल्यापडल्या मला कळलं की तू एवढ्या शाळा का पालथ्या घातल्यास आणि माझं लिकोरिस का जप्त करायचीस. मला वाटायचं तुला ते स्वतःला खायचं असतं. आणि मला भीती वाटली, ताई. बेर्तिलची नाही. एक दिवस होळीपाशी मीही ओठ मिटून उभा असेन याची.

तेव्हापासून मी रोज करतो. पहिले काही दिवस रक्त आलं, मग कमी झालं, आता जवळपास नाहीच. पुडी सोडली. या खेपेस हातालाही कळवलं, डबी स्वतः जाऊन तळ्यात फेकली. (बर्फावर पडली आणि बर्फ सुटेपर्यंत तीन घरांना दिसत राहील, पण फेकली.) गेल्या सरावाला तो वरचा सूर अर्धा आला. उल्रिकाने बेर्तिलकडे बघितलं, पण तेही अर्धंच. आता एकच सराव उरला आहे.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप, मांजराला गोंजार, पियानोवाल्याला माफ कर.

तुझा आज्ञाधारक, आणि आजतागायत स्वतःच्याच दातांचा,
सिक्स्टेन

ता.क. वालबोरीला येशील ना? टेकडीवर गाडी जाते, गुडघ्याला चढायला लागणार नाही. येताना टॉफी आणू नकोस. वालबोरी यंदा शनिवारी येत नाही.

ता.क. दुसरा. एक छोटंसं काम होतं. गुद्रून होती तेव्हा दिवा मालवायच्या आधी विचारायची, "घासलेस का?" मला तेव्हा राग यायचा. आता कोणी विचारत नाही, आणि दमून अंथरुणाला पाठ टेकली की मंगळवार हा शनिवार नाही हे पटकन आठवतं. तर रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की एक फोन करशील का? फार बोलायला नको. नुसतं "थुंक" म्हण, पुढचं मी बघतो. खरं सांगायचं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता.क. तिसरा, पाकिटाच्या पाठीवर. पाकीट चिकटवायला कडेवरून जीभ फिरवली तर ती वरच्या ओठाखाली अडखळली. पुडी. सकाळी बेर्तिल कॉफीला आला होता. डबी पुढे करायची त्याची जुनी सवय आणि हात पुढे करायची माझी. म्हणजे वरचं 'पुडी सोडली' हे वाक्य मी पुडीसकटच लिहिलं. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण कडवं त्याने पूर्ण बसवलंय असं ऐकतो. तेव्हा फोन एक नको, दोन कर. आणि सकाळचा कॉफीच्या आधी.