डाव्या हाताची नक्कल

सर, शाळेची माणसं काल माझ्या प्रतापनगरच्या घरी आली होती. तुमच्या स्मरणार्थ स्मरणिका निघतेय, तुमची लाडकी विद्यार्थिनी म्हणून मी दोन पानं लिहावीत, असं म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं वगैरे मला जमणार नाही. चार लोकांत तुमची अब्रू काढायची संधी मी इतकी वर्षं शोधत होते, आणि ही माणसं पोहे खाऊन, चहा पिऊन ती माझ्या हातात ठेवून गेली.

आठवतो का तो मुका सिनेमा? सातवीच्या वर्गात चादर बांधून तुम्ही दाखवलात. कारखान्यातला एक मिशीवाला कामगार, समोर पळणारा पट्टा, आणि सुट्टी झाली तरी त्याचे हात काही थांबत नाहीत. आम्ही हसून हसून लोळलो. यंत्र माणसाचं काय करतं हे तुम्ही इतकं जीव तोडून समजावलंत, की मी भाबडेपणानं हात वर करून सांगितलं, "सर, आमच्या बाबांचा हात पण जेवताना असाच चालते." बाबा गिरणीत तुटलेलं सूत जोडायचे. उजव्या हातानं घास घेतायत आणि डाव्या हाताची दोन बोटं ताटाजवळ हवेतच सूत पिळतायत, हे आमच्या घरी रोजचंच होतं. "करून दाखव बरं," तुम्ही म्हणालात. मी दाखवलं. तुमचे डोळे चमकले. "गॅदरिंगला हेच करायचं. मिशी मी लावून देईन."

गॅदरिंगला समोर कोण बसणार आहे, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. बाबा पाळी बदलून आले होते. इस्त्रीचा सदरा, तिसरी रांग. मी मिशी लावून दोन बोटं पिळत, खांदा उडवत स्टेजभर फिरतेय आणि अख्खा हॉल खदाखदा हसतोय. बाबांनी डावा हात हळूच खिशात घातला. घरी येताना सायकलवर एवढंच म्हणाले, "हुबेहूब केलं वं पोरी." दुसऱ्या दिवसापासून ते डावा हात मांडीखाली दाबून जेवायला लागले, ते मरेपर्यंत. पुढे एकदा आईनं विचारलं, "काहून असे बसून राहिले तुमी?" तर म्हणाले, "थंडी वाजून राहिली." भर मे महिन्यात, नागपुरात!

चादरीवरच्या कामगारासाठी तुमचा गळा दाटून यायचा आणि माझ्या बापाचं तुम्ही हसं केलंत. हे मी कधीही माफ करणार नाही, असं ठरवलं होतं. माझी मुलगी आता कळमन्यापुढच्या एका गोदामात कामाला आहे. मनगटावरचं यंत्र तिचा वेग मोजतं, मागे पडली की पीप पीप करतं. जेवताना तिचा अंगठा ताटाच्या कडेवर बटण दाबत असतो. परवा तोच सिनेमा ती मोबाइलवर बघत होती, पोट धरून हसत होती. "आई, हे तर आमच्याच शिफ्टचं आहे वं!" मी मोबाइल हिसकावून बंद केला. तिला काही कळेना. राग तुमचा होता, सर, निघाला तिच्यावर.

तर आज लिहायला बसले. दीड पान झरझर झालं, तुमच्या नावानं यथेच्छ बोटं मोडून झाली. मग गॅदरिंगच्या त्या वन्समोरपाशी आले आणि पेन अडलं. स्मरणिकेला आता मी काहीच देणार नाही. शिट्ट्या, टाळ्या चालल्या होत्या. तुम्ही विंगेत होतात. बाबा तुम्हाला दिसले होते. तुमचा चेहरा उतरला होता, आणि दोन्ही हात हलवून तुम्ही मला सांगत होतात, नको, बास, आत ये. मी तुम्हाला पाहिलं. बाबांनाही पाहिलं. टाळ्या थांबत नव्हत्या, म्हणून मी पुन्हा केलं. पहिल्यापेक्षा जोरात.