डाव्या पुढच्या चाकाची हकिकत

मी, दिनानाथ कान्हा मढवी, वय बासष्ट, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही, कोणाचा धाक नाही. डोके ठिकाणावर आहे. अक्षर जागोजागी बदललेले दिसेल, कारण दम लागतो आणि थांबून थांबून लिहावे लागते. येत्या गुरुवारी, २० नोव्हेंबरला, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. म्हणून माझ्यामागे काय कोणाचे, ते आज ठरवून ठेवतो. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. पनवेलमधील राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी पत्नी सौ. सुनिता हिला द्यावे आणि तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी कीर्ती हिला. सुनिता हयात असेपर्यंत घर विकण्याचा विषय कोणी तिच्यापुढे काढू नये. तिने स्वतः काढला तर अडवूही नये.

कलम २. बँकेत जे असेल ते सर्व सुनिताचे. कागद कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या खाली आहेत. ते तिनेच तिथे ठेवले आहेत, हे इतरांच्या माहितीसाठी.

कलम ३. कोन गावातील वडिलोपार्जित घरातला माझा अर्धा हिस्सा माझा धाकटा भाऊ जीवन याला द्यावा. याच हिश्श्यावरून आम्ही अकरा वर्षे भांडलो. आईच्या दहाव्याला मी त्याला पंगतीतून उठवले होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. भिंत कोणाची आणि आंब्याचे झाड कोणाच्या बाजूला, यावर त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मला आजही वाटते. तरी हिस्सा त्याला द्यावा. कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. पळस्पे फाट्याजवळील गॅरेजची जागा भाड्याची आहे, ती देण्याचा मला अधिकार नाही. आतले सर्व सामान, म्हणजे दोन्ही जॅक, कॉम्प्रेसर, पाने, वेल्डिंगचे यंत्र आणि नावाची पाटी, श्री. रमेश भोईर यांना द्यावे. रमेश वीस वर्षे माझा भागीदार होता. गेली तीन वर्षे तो द्रोणागिरीला एका गोदामात माल उचलणाऱ्या गाड्या दुरुस्त करतो. तो का गेला, तेही कलम ६ मध्ये आहे. सुनिता आणि कीर्ती या कलमाला हरकत घेतील. त्यांनी आधी पुढचे वाचावे.

कलम ५. रुपेरी रंगाची छोटी मोटार कीर्तीची. ती तिच्याच नावावर आहे, मग मृत्युपत्रात कशाला, असे कोणी विचारील. गाडी तिची असली तरी तिच्यातला प्रत्येक नट मी उघडलेला आणि बसवलेला आहे, म्हणून तिच्याबद्दल बोलण्याचा मला थोडा हक्क आहे.

कीर्ती याच गाडीने सोमवार ते शुक्रवार बेलापूरला कचेरीत जायची. इमारतींचे नकाशे काढायची. एका मैत्रिणीबरोबर ती ऑटोक्रॉस बघायला गेली आणि वेडी होऊन परत आली. मोकळ्या मैदानावर रबरी शंकू मांडून वळणे आखतात, एका वेळी एकच गाडी धावते, वेळ मोजतात. शंकू पडला की वेळ वाढवून धरतात. खास गाडी लागत नाही, रोजचीच चालते, फक्त नीट तयार करावी लागते. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या गाड्या नुसत्या घरी जाण्यापुरत्या बऱ्या केल्यात. एक पळण्यासाठी करा ना." त्या वाक्याने मी तीन आठवडे हवेत होतो.

कलम ६. हे कलम मालमत्तेचे नाही. माझ्या वकील हेतल ठक्कर हे वाचून म्हणतील की याची कायद्याने गरज नाही. मला आहे.

शुक्रवार, ९ डिसेंबर २०२२. स्पर्धा रविवारी, उरणकडच्या एका भरावाच्या मैदानावर होती. गाडी जॅकवर होती. मागची सीट, स्टेपनी, पायपुसण्या काढून झाल्या होत्या. ब्रेकचे तेल बदलले होते, बॅटरीला पट्टा मारला होता. डाव्या पुढच्या चाकामागची दांडी झिजली होती. चाक ज्या सांध्यावर वळते, तो सांधा या दांडीच्या टोकाला असतो. मी नवी दांडी बसवली. सांध्याचा बोल्ट हाताने फिरवून लावला. तो पान्याने आवळायचा बाकी होता.

दुपारचे तीन वाजले असतील. जीवनचा फोन आला. त्याने कोनच्या घराची मोजणी लावली होती. मी फोन घेऊन गॅरेजच्या दारात गेलो आणि ओरडायला लागलो. आतून रमेशने विचारले, "दिना, झाला काय? चाक लावू?"

मी मागे वळून न बघता हात हलवला. म्हणालो, "झाला. लाव."

त्याने चाक लावले. चाकाचे नट नीट आवळले. गाडी खाली घेतली. मी फोन ठेवून आलो तेव्हा गाडी चारही चाकांवर उभी होती आणि माझे डोके भावाच्या रागाने भरलेले होते. त्या बोल्टची मला आठवणही झाली नाही.

रविवारी कीर्ती ती गाडी चालवत उरणपर्यंत घेऊन गेली. तिथे तपासणी झाली. सीटबेल्ट, ब्रेक, हेल्मेट सगळे पाहिले. चाकाच्या आतला बोल्ट कोण उघडून बघणार? पहिली फेरी नीट झाली. तिने एकही शंकू पाडला नाही. मी दोरीमागे उभा राहून शिट्टी मारली. दुसऱ्या फेरीत उजव्या मोठ्या वळणावर सगळा भार डाव्या चाकावर आला आणि ते चाक आत मुडपले. गाडी मातीत रुतली, उलटली आणि पुन्हा उलटली. धूळ खाली बसायला फार वेळ लागला. मी धावत होतो आणि मला वाटत होते की आपण जागचे हलतच नाही.

कीर्ती शुद्धीवर होती. उजव्या कोपराचा चुरा झाला होता. तीन शस्त्रक्रिया झाल्या. तो हात आता पुरता सरळ होत नाही, बोटांना जोर नाही. आता ती डाव्या हाताने लिहिते. नकाशांचे काम सुटले.

मैदानावर तपासनीसांनी चाक पाहिले आणि विचारले, "हे चाक कोणी लावलं?"

रमेश पुढे झाला. "मी."

मी शेजारी उभा होतो.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात रमेश मला म्हणाला, "दिना, मी तुला इचारला ना? तू झाला बोल्लास ना?" त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याला खरोखरच खात्री नव्हती. माझ्या एका शब्दाने त्याची सुटका झाली असती.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

मला आठवत होते. आजही आठवते, हात कसा हलवला तेसुद्धा.

सुनिताने त्याच जिन्यात रमेशला नको नको ते ऐकवले. पुन्हा दारात पाय ठेवायचा नाही म्हणाली. तो खाली मान घालून उतरून गेला. पुढच्या आठवड्यात गॅरेजची किल्ली त्याने शेजारच्या टायरवाल्याकडे ठेवली. मी ती घेऊन आलो. तीन वर्षे मी मनातल्या मनात जीवनलाही दोष देत राहिलो, की त्याने तेव्हाच फोन का केला. फोन त्याने केला, पण "झाला" मी म्हणालो. कोनचा हिस्सा त्याला द्यायचा तो म्हणून.

उलटलेली गाडी मी आठ महिने खपून दुरुस्त केली. छत बदलले. लोक म्हणाले, बापाचे मन. मी ऐकून घेतले.

या जूनमध्ये कीर्ती म्हणाली, "जानेवारीत परत स्पर्धा आहे, बाबा. डॉक्टर हो म्हणालेत. स्टिअरिंगला पकडायचा गोळा लावून डाव्या हातानं जमतंय मला. गाडी तयार करून द्या. पण एकट्या तुम्ही. दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नका."

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. मी तिला छातीचे कारण सांगून टाळत आलो.

कलम ७. म्हणून गाडी कशी तयार करावी ते लिहितो. मागची सीट, स्टेपनी, जॅक, बाटल्या, देवाची मूर्ती, जे जे सुटे आहे ते बाहेर काढावे. ब्रेकचे तेल नवे. इंजिनाखाली लोखंडी पत्रा. सीटचे बोल्ट खालून तपासावेत. नट आवळला की लगेच त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढावी. रेघ नसेल तर नट आवळलेला नाही, मग कोणीही काहीही सांगो. एकाने आवळावे, दुसऱ्याने पाहावे. काम चालू असताना फोन गॅरेजबाहेर ठेवावा. आणि हे काम रमेश भोईर यानेच करावे. त्याच्याइतका सावध हात मी पाहिलेला नाही. माझा तर नाहीच.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील हेतल ठक्कर यांनी करावी. वरील मजकूर मी रविवारी संपवला आणि सोमवारी त्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काका, हे पाकीट तुमच्या नंतर उघडणार. म्हणजे मुलगी भांडणार कोणाशी? फोटोशी?"

मी कागद परत घेतले. घरी येताना मला कळले की मी पुन्हा दारात उभा राहून, मागे न बघता हात हलवत होतो.

कलम ९. हे कलम आज, मंगळवारी, जोडले आहे.

सकाळी मी रमेशला फोन केला. तो दहा वाजता आला, पण उंबऱ्याबाहेर थांबला. सुनिता म्हणाली, "हा कशाला?" मी म्हणालो, "मी बोलावलंय. आत ये, रमेश." कीर्तीला समोर बसवले आणि कलम ६ मोठ्याने वाचले. दोनदा दम लागला. कोणी पाणी आणायला उठले नाही.

वाचून झाल्यावर पहिल्यांदा सुनिता बोलली. "मी त्याला शिव्या घालत होते आणि तुम्ही ऐकत उभे होता." तेवढेच म्हणाली. मग तिने रमेशकडे पाहिले. ती आत निघून गेली.

रमेश आपल्या हातांकडे बघत होता. "तीन वर्सां," तो म्हणाला, "एक नट मी चार वेला बघतो. लोका हसतात मना. बायको बोलते, तुला काय येड लागलाय काय? मना वाटायचा, माझ्याच हातान पोर मेली असती." मी त्याचा हात धरायला गेलो. त्याने तो मागे घेतला. "तुजी हत्यारा मना नको, दिना. तू मेल्यावर तर नायच नको."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि तिथूनच कीर्तीला म्हणाला, "जानेवारीत कवा हाय?"

"अठराला," कीर्ती म्हणाली.

"गाडी माज्याकडं आण. तू समोर उभी राव. मी आवलीन, तू रेघ मार."

ती म्हणाली, "हो, काका." तीन वर्षांत तिने हा शब्द उच्चारला नव्हता. रमेश गेला. त्याच्या नकाराची नोंद इथे करतो, पण कलम ४ तसेच ठेवतो. त्याचे मन बदलले तर सामान त्याचेच.

मग कीर्तीने माझ्याकडून कागद मागून घेतले आणि पहिल्यापासून सगळे स्वतः वाचले. कलम ६ च्या शेवटी, "त्या दिवसापासून मला नीट झोप नाही" या परिच्छेदानंतर, मी एक ओळ लिहिली होती: कीर्तीने मला क्षमा करावी, ही माझी अखेरची इच्छा. तिने डाव्या हातात पेन घेतले आणि ती ओळ खोडली.

"हे कागदावर चालणार नाही, बाबा. समोर मागा."

मी मागितली. शब्द नीट आले नाहीत, पण मागितली.

तिने हो म्हटले नाही. उठून खिडकीशी गेली आणि खाली आपल्या गाडीकडे पाहू लागली. मग म्हणाली, "गुरुवारी सहा वाजता तयार राहा. दवाखान्यात मी नेणार. ऑपरेशन होऊ दे. तुम्ही शुद्धीवर या. मग मला जे बोलायचंय ते मी बोलेन आणि ते तुम्हाला ऐकावं लागेल."

मी म्हणालो, ऐकेन.

म्हणून हे मृत्युपत्र करत असतानाच मी इथे लिहितो, की ते एवढ्यात लागू व्हावे अशी माझी इच्छा नाही. कलम ६ मधील एक ओळ खोडलेली आहे. ती खाडाखोड माझ्या संमतीने झाली असून तिच्याशेजारी मी सही केली आहे. बाकी मजकुरात फेरफार नाही. पुढील दोघांच्या समोर मी सही केली, आणि माझ्या समोर त्यांनी. या दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

लिहून देणार: दिनानाथ कान्हा मढवी (सही)

साक्षीदार १: प्रितम कमळाकर घरत, शेजारी, राहणार पनवेल (सही)

साक्षीदार २: डॉ. निशा नाखवा, राहणार पनवेल. लिहून देणार यांना मी आज तपासले आहे. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. दिवसभर रडल्याने नाडी थोडी जलद आहे. (सही)

ठिकाण: पनवेल
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५