मोरपंखी फ्रीज

२६ एप्रिल २००२
आंब्याच्या पेट्या घेऊन मुंबईला गेलेला ट्रक परत येताना रिकामा येत नाही. आमच्या घरासाठी तर नाहीच नाही. गेल्या वर्षी पंखा आला, त्याच्या आदल्या वर्षी कुरकुरणारा सोफा, आज फ्रीज. डोंबिवलीला थोरल्या दिरांकडे नवीन आलं की जुनं इकडे. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं! चौघांनी उतरवून पडवीत ठेवला. खालून गंजलेला. दारावर भाऊजींनी कधीतरी ब्रशने ऑइलपेंट फासलाय, ओघळांसकट. पण चालतो.
संध्याकाळी मोठ्या जाऊबाईंचा फोन. "तुलाच दिला हो गो. तुझ्यासाठीच." लिहून ठेवत्ये. तुझ्यासाठीच.

२८ एप्रिल
हे म्हणाले, "ठेव स्वयंपाकघरात. गंज कोण बघतोय?"
मी बघत्ये ना! गणपतीपुळ्याला जाणाऱ्या सगळ्या गाड्या आमच्या फाटकावरून जातात. तिथे थंड कोकम सरबताचं टेबल लावायचं, चार वर्षं घोकत्ये. बर्फाच्या लादीवर जमत नाही, येईपर्यंत अर्धी पाणी होते. फ्रीज पडवीत राहणार, गिऱ्हाइकाला समोर दिसणार. गंजक्या फ्रीजमधलं सरबत कोण पिईल?
लग्नाला बावीस वर्षं झाली. या घरात माझी म्हणावी अशी एक पळी नाही. हा फ्रीज माझा.

३ मे
रत्नागिरीत गेले. रामआळीतल्या पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, "ब्रशने मारा. स्प्रे बायकांचं काम नाय." मेल्याला काय ठाऊक बायका काय काय करतात.
मग इब्राहिमभाईंकडे. ते पंधरा वर्षं कुवेतला गाड्या रंगवत होते, आता इथे रंगाचं दुकान. झाकणावरच्या रंगावर जाऊ नका म्हणाले. पत्र्याच्या तुकड्यावर एकेक रंग फवारून उन्हात नेऊन दाखवला. पांढरा : "फ्रीजला हाच घेतात वैनी, पण पिवळा पडतो." चंदेरी घासलेल्या पातेल्यासारखा. लाल नको. आणि मोरपंखी. उन्हात धरला नि बघतच राहिले.
"फ्रीजला?"
"फ्रीजला."
हसले नाहीत. मोरपंखीचे तीन डबे, खालच्या हातासाठी तांबडा रेड ऑक्साइड एक.
घरी हे, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक सरबत मागतील.

६ मे
सत्यानाश. धीर कुठला धरवतोय, तांबडा बाजूला ठेवून थेट दारावरच मोरपंखी मारून बघितला. पाच मिनिटांत सायीसारखा गोळा झाला. सुरकुत्याच सुरकुत्या. एक डबा फुकट. हे म्हणतात, "मी सांगितलं होतं." काहीही सांगितलं नव्हतं! न्हाणीघरात जाऊन रडले.

७ मे
इब्राहिमभाईंना फोन केला. "जुन्या ऑइलपेंटवर मारलात? खालचा फुगणारच. पत्र्यापर्यंत घासा. गोड्या पाण्याने धुवा, हवेतलं मीठ बसलेलं असतं. मग तांबडा, मग मोरपंखी. आणि पुढे कधी त्यावर दुसरा रंग मारलात तर आधी पॉलिशपेपर फिरवा. गुळगुळीत रंगावर नवा रंग धरत नाय. दोन महिन्यांत सालीसारखा सुटतो."
दोनदा वदवून घेतलं त्यांच्याकडून.

१४ मे
सहा दिवस घासत होते. बोटांची सालं निघाली, भाकरी थापताना झोंबतं. काल तांबडा. आज सकाळी, वारा सुटायच्या आत, मोरपंखी. वीतभर लांबून, पातळ, एका जागी थांबायचं नाही. तीन हात मारले. दाराच्या रबराला वर्तमानपत्र चिकटवलं होतं, ते सोडवलं नि लांब जाऊन उभी राहिले.
मी केलं हे. मी.

२ जून
टेबल जोरात. सांगलीकडची एक बाई म्हणाली, परत जाताना "निळ्या फ्रीजवाल्या बाईंकडे" थांबू. पाऊस लागला की बंद ठेवायचं, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा सुरू. तोवर अमृतकोकमाच्या बाटल्या भरून ठेवत्ये.

११ सप्टेंबर
गणपतीला डोंबिवलीकर आले. जाऊबाई दारातच, "अगो बाई, हा फ्रीज की नवरीचा शालू?" पण नंतर दोनदा हात फिरवून गेल्या. "हात चांगलाय हो तुझा." मी खुळ्यासारखी खूश. त्यांना घावन जास्तीचं वाढलं.

१४ सप्टेंबर
घावन परत घ्यावंसं वाटतंय.
जेवताना भाऊजींनी जाहीर केलं, माडीवरच्या दोन खोल्या पुळ्याच्या पर्यटकांना द्यायच्या. फ्रीज वरच्या खोलीत जाईल. मी यांच्याकडे बघितलं. यांनी ताटाकडे बघितलं.
मीच बोलले, "वहिनी, तुम्ही फोनवर म्हणाला होतात, तुझ्यासाठीच."
"तुझ्यासाठी म्हणजे घरासाठीच ना गो. घर काय वेगळं आहे?"
गंजका होता तेव्हा माझा, चकचकीत झाला तेव्हा घराचा. आयत्या बिळावर नागोबा! आणि माझं सरबत? "लादी आण की," म्हणे.

१९ ऑक्टोबर
मुंबईच्या गाडीतून पार्सल. पांढऱ्या स्प्रेचे तीन डबे. मागोमाग जाऊबाईंचा फोन. "पाहुण्यांच्या खोलीत पांढराच शोभतो. तुझा हात बसलाय, तूच मार. दिवाळीला पहिली माणसं येतायत. नाताळात तर दोन्ही खोल्या भरल्या."
माझ्या फ्रीजवर माझ्याच हाताने. मीच मारायचा!

२१ ऑक्टोबर
यांना म्हटलं, नाही मारणार. "दादाला काय सांगू?" म्हटलं, सांगा तुम्हाला काय सांगायचं ते, बावीस वर्षांत एकदा तरी सांगा. हे उठले नि बागेत गेले. परत आल्यावर चहा मागितला.
दिला. काय करणार?

२४ ऑक्टोबर
सरबताचं टेबल आज गोठ्यात नेऊन ठेवलं. बाटल्या बावीस, तिथेच.
सकाळीच फ्रीज पडवीच्या कडेला ओढला. कोरडं फडकं फिरवलं. रबराला वर्तमानपत्र चिकटवलं. दार उन्हात असं काही चमकत होतं, मी मान फिरवली. पॉलिशपेपर फडताळात आहे, दोन कागद, कोरे करकरीत. कुठे आहे ते मला ठाऊक आहे.
पांढऱ्याचा डबा हलवला, आत गोळी खडखडली. वारा अजून सुटलेला नाही.
हे दारात येऊन उभे. "काही लागेल का आणखी? देऊ काढून?"
म्हटलं, नको. एवढ्यात होईल.