चेंडू थोडा वर धर

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा उपाय लागू पडला. ज्याला कळलं नाही त्याच्या हाती खडू. जिथवर कळलं तिथवर त्यानं फळ्यावर काढायचं, पुढचं वर्गानं. आधी कुणी जागचं हललं नाही. मग शेवटच्या बाकावरची, जिला सगळे मुकी म्हणतात, ती उठली आणि कळलं नाही म्हणाली. वर्षभरातलं तिचं पहिलं वाक्य. आता खडूवरून मारामाऱ्या होतात.

हे चांगलं झालं. आता घाण सांगते.

माझा नमुना पाठ बघायला दोन साहेब येणार आहेत. नोकरी कायम व्हायची की जूनपासून घरी बसायचं, ते त्यावर ठरेल. म्हणून रोज त्याच पाठाची तालीम चालते: चंद्र का वाढतो, का घटतो. टॉर्च म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र, मुलांचं डोकं म्हणजे पृथ्वी. हेडसर मागे उभे राहून रुमाल वर करतात, की सगळ्यांनी एका सुरात अबब म्हणायचं. पाहुणे वर्गात असेपर्यंत कळलं नाही असं कुणी म्हणायचं नाही. अडखळणाऱ्यांना त्या दिवशी बागेत झाडांना पाणी घालायला पाठवायचं. मुकीला ठेवलंय, कारण ती दिसायला नीटनेटकी आहे. हे हेडसरांनी मला दात कोरत सांगितलं.

काल मुकीनं टॉर्चकडे पाठ करून चेंडू समोर धरला. तिच्या डोक्याची सावली पडून चेंडू काळा झाला. हेडसर म्हणाले, चेंडू थोडा वर धर आणि पौर्णिमा म्हण. तिनं म्हटलं. सगळे अबब म्हणाले. मला किळस आली. बाबा म्हणतात, गिळून टाक.

उत्तर लवकर पाठव. इथे बोलायला कुणी नाही.

तुझी,
खारू

दि. ९ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला, तो भुर्दंड तुझ्याकडे. गिळून टाक हे दादाचंच वाक्य. जन्मभर गिळत आला, म्हणून तर उशाशी पित्ताच्या गोळ्या.

पण किळस आली की माणूस हात धुतो. तू तालमी घेते आहेस.

नोकरीवर पाणी सोड, असं मी सांगणार नाही. खोलीचं भाडं तुला भरायचंय, मला नाही. एवढंच विचारते: त्या मुलीला अजून कळलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. ते तुला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक आहे. मग ती आता कुणाला सांगणार?

बाकी माझे गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्यावर कुरकुरते. बरं चाललंय.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.

तुझी,
आत्या

दि. २ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाठ झाला. मी पढवल्याप्रमाणे विचारलं, मुलांनी पढवल्याप्रमाणे हात वर केले. अबब तीनदा झालं. साहेबांनी माना डोलावल्या. एकाचे तर डोळे मिटले होते. माझा आवाज माझ्याच कानाला तेलकट लागत होता.

साहेब उठून दाराशी गेले, तेवढ्यात मुकी उभी राहिली. पाहुणे गेले का, आता कळलं नाही म्हटलं तर चालेल का, असं तिनं मला विचारलं. अगदी सरळपणे. हेडसरांचं सांगणं तिनं मनापासून पाळलं होतं.

साहेब उंबऱ्यातच थांबले. हेडसर मानेनं नाही नाही करत होते. तुझं पत्र आठवलं असं खोटं लिहीत नाही. काहीच आठवलं नाही. मी खडू तिच्या हातात दिला.

तिनं फळ्यावर टॉर्च काढला, डोकं काढलं, चेंडू काढला आणि सावलीपाशी थांबली. दर पौर्णिमेला मध्ये पृथ्वी येते, मग चंद्र काळा का होत नाही, म्हणाली. साहेबांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांना दरदरून घाम फुटला. त्यांनी तो पुसायला रुमाल वर केला.

अख्खा वर्ग म्हणाला, अबब!

काल अहवाल आला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्स्फूर्त, असं वर लिहिलंय. अबब ऐकूनही! खाली लिहिलंय, शेवटी शिस्त ढिली. हेडसरांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. जूनपासून मी घरी. त्या कागदाला हात लावल्यावर मी साबणानं हात धुतले. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू सांग, तुझ्यावर ते ओरडत नाहीत.

आणि हो, पाठाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तोच धडा पुन्हा घेतला. बागेतले परत आले होते. त्यांच्यातल्या एकीनं खेळाची रिंग मुकीच्या डोक्याभोवती तिरकी धरली आणि म्हणाली, चंद्राची वाट अशी असेल तर? दर फेरीला ती रिंग थोडी वळवत गेली आणि मुकीनं रिंगेवरून चेंडू फिरवला. बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाही तर खालून सुटला. एकदाच सापडला, तेव्हा ग्रहण ग्रहण म्हणून सगळे ओरडले. रुमाल कुणी हलवला नव्हता.

म्हणजे चेंडू थोडा वर धरायला सांगितलं, ते बरोबरच होतं. का, ते वर्गात सगळ्यांना माहीत आहे. हेडसरांनी अजून विचारलेलं नाही.

लोभ जूननंतरही पुरेल एवढा ठेव.

तुझी,
खारू