समुद्रातली बाई आणि तू

माय, मला ओळखलंस का? विचारते, कारण तू जित्ती होतीस तेव्हाच चुलीवर दूध ठेवून शेजारणीशी बोलत बसायचीस आणि करपल्याचा वास आला की मलाच विचारायचीस, "कुनाचं गं जळून राह्यलंय?" आता तिकडं जाऊन इतकी वर्षं झाल्यावर आपल्याला एक लेक होती हे तुझ्या ध्यानात असेल, याचा भरवसा नाही. तर मीच ती. तुझ्या शेवटच्या वयापेक्षाही म्हातारी झाले, तेव्हा जरा मान ठेवून ऐक. ऐकच म्हणते, कारण अक्षर तुलाही येत नव्हतं आणि मलाही आलं नाही. मी सांगते, माझी नात लिहिते. माझ्या बोलण्याला ती थोडी इस्त्री करते, ते चालवून घे.

ही नात कॉलेजात गोष्टी शिकते. दुपारी मी लिंबाखाली वाती वळत बसते आणि ती परीक्षेसाठी मोठ्यानं वाचते. ग्रीस म्हणून समुद्राकाठचा एक मुलूख आहे, तिथली फार जुनी प्रेमाची देवी. नाव पोरीनंच लिहावं: अ‍ॅफ्रोडाइटी. माझ्या तोंडात ते बसत नाही, म्हणून मी तिला समुद्रातली बाई म्हणते. ती फेसातून उगवली, काठावर पाय टाकला तर पायाखाली गवत फुटलं. देवांनी तिचं लग्न लावलं ते एका लंगड्या लोहारदेवाशी. हात सोन्यासारखा, पण बाईचं मन काही तिथं लागलं नाही. मी नातीला म्हटलं, "ती लोहाराला सोडून गेली आन् तू लोखंडवाला धरून बसलीस." कारण हिचं मन ज्याच्यावर बसलंय, त्याचं वडीगोद्रीच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. पोरगी लाजली नाही गं. "आज्जी, तो लंगडा न्हाई," म्हणाली आणि पुढं वाचू लागली.

पुढं जे वाचलं त्यानं माझ्या हातातली वात सुटली. या बाईनं साऱ्या देवांना आणि माणसांना वेड लावून ठेवलेलं. मंग थोरल्या देवानं एक दिवस तिलाच वेड लावलं, तेही डोंगरात गुरं राखणाऱ्या एका साध्या माणसाचं. ती न्हाली, तेल लावलं, दागिने घातले आणि डोंगर चढू लागली. वाटेत लांडगे, सिंह, अस्वलं तिच्या मागं शेपट्या हलवत चालली. गुराख्यानं तिला बघून हात जोडले, कोण तू म्हणून विचारलं. तर बाई सरळ खोटं बोलली, की मी माणसाचीच लेक आहे, राजाची, आणि देवानंच मला उचलून तुझ्यापाशी आणून सोडलंय.

आणि मला तू दिसलीस. माझ्या हळदीची दुपार आहे. बाकी बाया अंगणात पापड उलथतायत, तू मला आत घेऊन केसाला तेल चोळते आहेस. एरवी तू केस ओढायचीस, त्या दिवशी तुझी बोटं पाण्यातून फिरल्यासारखी फिरत होती. तू माझ्या मागं होतीस, तुझं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणूनच तुला सांगता आलं असावं. आष्टीकडं तुझ्या बापाची काळी जमीन. सुगी झाली की तो फिरत्या मेंढक्यांची मेंढरं शेतात बसवून घ्यायचा. कळप रात्रभर बसला की रानाला खत मिळायचं आणि मेंढक्यांना ज्वारी. त्यांच्या तळावरची कुत्री माणसाला फाडायची, गावातलं कुणी पलीकडच्या बांधापर्यंतसुद्धा जात नसे. आणि तू एक दिवस नवं लुगडं नेसून, डोक्यावर भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन भर दुपारी नीट तळात शिरलीस. "कुत्री उठली, माझ्याकडं आली, आन् शेपूट हलवत मागं चालली," तू म्हणालीस. "तुझा बाप लोकर कातरत बसल्ता. कातर तशीच हातात. म्हने, कोन गं तू? मी म्हटलं, माझ्या बापानंच धाडलंय." बापानं कुठलं धाडलंय! कळप हलला त्या दिवशी घोंगडं डोक्यावर घेऊन मेंढरांमागं तू जी चालू लागलीस, ती परत वळली नाहीस. मंग पुढं जमीन आली, घर आलं, मी आले. बोलता बोलता तू माझी वेणी घातलीस आणि शेवटचा पेड ओढलास तो मात्र नेहमीसारखाच. "सासरी हे बोलायचं न्हाई. मायचं माहेर साथीत गेलं म्हन." तेच घोंगडं पाठवणीला माझ्या पेटीत घातलंस.

मी बोलले नाही, माय. सासू गेली, तुझा जावई गेला, तरी बोलले नाही. त्या समुद्रातल्या बाईनंही पुढं आपण कोण ते सांगून गुराख्याला हेच बजावलं होतं, की माझं नाव घेशील तर वरून वीज पडेल. तो बढाईत बोलून गेला आणि जन्माचा पाय अधू करून बसला.

इकडं माझा लेक, तुझा लाडका नातू, पोरीच्या लग्नाला आडवा पडला. पोरगं चांगलं आहे, हे त्यालाही मान्य. पण पोरीनं आपल्या मनानं निवडलं, यावर त्याचं घोडं अडलं. दुसरीकडं बोलणी लावून मोकळा झाला होता. रोज जेवताना एकच, "आपल्या घरात आजवर कोन्या पोरीनं असं केलं न्हाई." पोरीचं ताट तसंच राहायचं. तिचं पुस्तक वाचणंही बंद झालं, लिंबाखाली मी एकटीच वाती वळायची.

तुला विचारायला हे पत्र सांगायला घेतलं, की सांगू का त्याला? पण लिहिणारी माझ्याकडं बघून हसतेय, तेव्हा खरं ते सांगते. विचारण्याच्या आधीच सांगून बसलेय. काल सांजच्याला तो पुन्हा तेच म्हणाला आणि माझ्या तोंडून निघालं, "केलंय. माझ्या मायनं केलंय." मंग सगळंच सांगितलं, लुगडं, भाकरी, कातर, घोंगडं. त्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ताट भिरकावतो. तर लहानपणी विचारायचा तसं त्यानं विचारलं, "माय, कुत्री खरंच भुंकली न्हाईत?"

"बिलकुल न्हाई," मी म्हटलं.

त्यानं घास खाल्ला. हात धुताना पोरीकडं न बघता म्हणाला, "रविवारी त्याच्या मायबापाला बोलवा." पोरगी तिथंच रडली, आणि मंग दोन भाकरी खाल्ल्या.

सकाळपासून माझा उजवा गुडघा धरलाय. वीज पडली का वय झालं, ते तुलाच ठाऊक. पडली असली तर एवढ्यावर भागव.

हे पत्र टाकायला तुझ्या गावची पेटी नाही, म्हणून घोंगड्याच्या घडीत ठेवते. दर पित्रांत मी तुला पान वाढते, यंदा तू पाठव. रविवारी पाहुणे यायचेत आणि तुझ्या हातची अंबाडीची भाजी मला अजून जमली नाही, हेही आज कबूल करते. लसूण हात सोडून घाल. आणि भाकरी पाठवशील त्यात एक जास्तीची, कुत्र्यांसाठी.