चोवीस डॉलरचा बँड

पुकारालोमा,
४ जुलै २०००

चि. सौ. तार्हेलियास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद,

नाही, आपला सुक्रे, आपला पैसा, गेला म्हणून मी रडत नाहीये. गेला तर गेला. शेवटी शेवटी त्याच्यात राहिलं तरी काय होतं, पिशवीभर नोटा न्यायच्या आणि मूठभर मीठ आणायचं. पण मेलेल्याला नीट पुरावं तरी, शेजारच्या घरातलं मढं आणून आपल्या खाटेवर निजवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. तुझी तब्येत कशी आहे? तिकडे स्पेनात भाजीच्या मळ्यात दिवसभर वाकून कंबर धरते असं तू लिहिलंस. वाकू नको, बसून कर. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, गाय व्याली, कालवड झाली. हे झालं क्षेमकुशल. आता ऐक.

जानेवारीत राजधानीतल्या साहेबानं टीव्हीवर सांगितलं की महागाई हटवायला आता डॉलर आणणार, पंचवीस हजार सुक्र्यांचा एक. (सांगणारा पुढं बारा दिवसांत खुर्चीवरून उतरला, डॉलर मात्र बसला तो बसलाच.) महागाई हटली म्हणतात. कुठं हटली ते मला दाखवा. हजार सुक्र्याचा पाव म्हणजे चार सेंट, पण चार सेंट सुटे कुणाकडे आहेत, म्हणून पाच घ्या. पुढच्या आठवड्यात पाचही सुटे नाहीत, म्हणून दहा घ्या, दोन पाव न्या. मला दोन पाव नको असतात. एकटीच्या घरात दुसरा पाव कोंबड्या खातात. म्हणजे या डॉलरानं माझ्या कोंबड्यांची महागाई तेवढी हटवली.

पण मी लिहायला बसले ते पावासाठी नाही, निकानोरसाठी. खालच्या आळीचा, खाद्याच्या दुकानाचा, तुझ्या दाजींचा जिवलग दोस्त म्हणवणारा. तुला ठाऊक आहे, यंदा सान पेद्रोच्या सणाची यजमानीण मी होते. तुझे दाजी मेल्चोर डोळे मिटताना म्हणाले होते, माझी पाळी राहिली, ती तू कर. तेव्हा करायचंच होतं. आणि एकट्या बाईनं सण करायचा म्हणजे होचा आला. होचाचा आपला नियम साधा: तुझ्या सणाला मी बैल दिला तर माझ्या सणाला तू बैल द्यायचा. कोंबडी दिली तर कोंबडी, दारू दिली तर दारू, वर चमचाभर जास्त. बाबांच्या बाबांपासून असंच चालत आलंय, कुणी मास्तर लागला नाही त्याला.

तर चौऱ्याण्णव साली निकानोर यजमान होता तेव्हा तुझ्या दाजींनी त्याला अख्खा बँड दिला होता. चौदा माणसं, दोन दिवस, दोन तुतारीवाले तर शहरातले. (एक तुतारीवाला आमच्याकडे जेवताना सात वाट्या सूप प्याला, ते मी अजून विसरले नाही.) तेव्हा मे महिन्यात मी रीतीप्रमाणे टोपली घेऊन निकानोरकडे गेले. उकडलेले बटाटे, वर दोन भाजलेले गिनीपिग, एक बाटली. त्यानं टोपली ठेवून घेतली, डोळे पुसले, म्हणाला, “वहिनी, बँड तुमच्या दारात उभा समजा. मेल्चोरचं ऋण आहे.” गिनीपिगची हाडंसुद्धा परत नाही केली.

सणाच्या आदल्या दिवशी ट्रक आला. सगळी गल्ली बाहेर. माझ्या अंगावर नवीन शाल. ट्रकमधून एक ढोलवाला उतरला. त्याच्यामागून एक झांजवाला. मग ट्रकवाल्यानं फळी लावली आणि ट्रक वळवला. मी म्हटलं, बाकीचे मागून येतायत का. ढोलवाला, आब्दोन त्याचं नाव, गरीब माणूस, टोपी काढून म्हणाला, “मावशी, बँडमास्तरांनी सांगितलंय, चोवीस डॉलरात ढोल दोन दिवस आणि झांज उद्या दुपारपर्यंत.”

मी तशीच निकानोरच्या दुकानात. तो गिऱ्हाईकाला मका मोजत होता. वर भिंतीवर पाटी, “येथे डॉलर चालतो.” मी विचारलं, भावजी, माझा बँड कुठाय. त्यानं गल्ल्याखालून वही काढली आणि बोट ठेवलं. “हे बघा. बँड, साल चौऱ्याण्णव, सहा लाख सुक्रे. पंचवीस हजारानं भागा. चोवीस येतात. भाव सरकारचा आहे वहिनी, माझा नाही.”

“चौदा माणसांनी दोन दिवस फुंकलं होतं तुमच्या दारात,” मी म्हटलं. “त्यांना भागलं का सरकारनं?”

“माणसं तीच आहेत हो. पैसा बदलला.”

“मग माणसंच द्यायची होती.”

तर मका मोजून घेणारी बाई म्हणते कशी, हिशेब तर बरोबर दिसतोय. हिशेब बरोबर असेल. त्या हिशेबावर नाचून दाखव म्हणावं.

सणाच्या दिवशी सान पेद्रोची पालखी निघाली ती धुम, धुम, धुम. एखाद्याला गोळी घालायला नेतायत असं वाटत होतं. पाद्रीबाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, गावात कुणी गेलंय का. दुपारी झांजवाला झांजा पिशवीत घालून, माझ्याकडे जेवून, निघून गेला. संध्याकाळी लोक नाचायला उभे राहिले, दोन फेऱ्या घेतल्या, थांबले. सूरच नाही तर पाय कशावर टाकणार. आब्दोननं बिचाऱ्यानं तोंडानं शीळ घालायला घेतली, पण पुढचे दोन दात नाहीत, नुसता वारा. पोरी हसायला लागल्या. मेल्चोरचा सण होता तो. मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले, धूर फार होता.

मग जेवणावळ. बँड देणाऱ्याला मानाची जागा, पुढ्यात अख्खा गिनीपिग आणि अर्धी कोंबडी, ही रीत. निकानोर धुतलेला सदरा घालून बसला की मानाच्या जागेवर. मी त्याच्या ताटात एक बटाटा ठेवला आणि त्यावर गिनीपिगचा एक पाय. मागचा नाही, पुढचा, बारका. सगळे बघतायत. मी म्हटलं, भाव सरकारचा आहे भावजी, माझा नाही. तार्हेलिया, त्यानं तो पाय खाल्ला. चोखून खाल्ला आणि मिरचीची चटणी मागितली. अशा माणसाला लाज आणायची कुठून, तीही डॉलरासारखी बाहेरून मागवावी लागेल.

आणि रोग पसरलाच. फटाक्यांचा मनोरा ज्याच्याकडून यायचा होता तो तीन बाण घेऊन आला आणि म्हणाला, मी पण भागून बघितलं. शेवटी पुढच्या वर्षाच्या यजमानाला मानाची काठी द्यायची वेळ आली तर हात पुढं करायला कुणी तयार नाही. ज्याला त्याला घरी जाऊन आपापली वही काढायची घाई. काठी पाद्रीबाबांनी कपाटात ठेवली. दोनशे वर्षांत पहिल्यांदा सान पेद्रोला यजमान नाही. महागाई हटवली म्हणे. देव हटवला.

तब्येतीला जप. मळ्यात टोपी घाल.

तुझी ताई,
सोइला

ता. क. डॉलर पाठवू नकोस, मला त्याचं तोंड बघायचं नाही. पाठवलेसच तर एकेकाचे पाठव, विसाची नोट इथं कुणी मोडून देत नाही.

ता. क. तुझ्या सासूबाई तुला फोन करतील. आमच्या लेकीच्या लग्नात, पंच्याण्णव साली, त्यांनी अठरा गिनीपिग दिले होते. आता ऑगस्टात त्यांच्याकडे नातवाचा बाप्तिस्मा, म्हणून परवा टोपली घेऊन मागायला आल्या. मी मेल्चोरची वही काढली. ह्यांच्याच हातचं स्वच्छ लिहिलंय, अठरा नग, नव्वद हजार सुक्रे. तीन डॉलर साठ सेंट होतात. मी चार पाठवले, वरचे चाळीस ठेवून घ्या म्हटलं. त्यावरून बाई गावभर बोंबलत फिरतेय. ही गोष्ट अगदी वेगळी आहे. बँड म्हणजे देवाचं काम, गिनीपिग नुसते खायचे. आणि सणानंतर माझ्या चुलीमागं उरलेत किती, पाच. तर एवढंच कर, फोन आला की सांग, ताईकडे मी स्वतः मोजले होते, अठरा नव्हते, बारा होते, आणि त्यातले दोन मरतुकडे. तू लग्नाला नव्हतीस हे त्यांच्या लक्षात नसेल. का, कसं, हे मला विचारू नकोस. या विषयावर मी यापुढे एक अक्षर लिहिणार नाही.