मेलानिप्पस नावाचे तिघे

सर, तुमचं वाचन अर्धवट होतं, हे तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी मला कळलं. काल मुलीच्या पुस्तकात ट्रॉयचं युद्ध निघालं आणि तिनं विचारलं, "बाबा, हा मेलानिप्पस किती वेळा मरतो?" दापोडीच्या शाळेत हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता. आठवीचा वर्ग, शेवटचा तास, तुम्ही खुर्चीत रेलून ग्रीकांच्या गोष्टी सांगताय. मी उठतो. "सर, हा तर परवा बाण लागून मेला होता." "तो वेगळा, हा वेगळा, तिसरा अजून मरायचाय. फुटकळ माणसं रे, मरण्यापुरती आणलेली. तिघांत मिळून एक नाव पुरतं. अर्थ, काळा घोडा." मग माझ्याकडं बघून, "आपल्याकडंही एका नावाचे तिघं आहेत की. त्यातला काळा हा." वर्ग हसला. हजेरीत पहिला डॉक्टरांचा मुलगा, तिसरा मी, लातूरहून आलेल्या फाउंड्री कामगाराचा. दहावीपर्यंत मी घोडाच राहिलो.

पुढं निबंधस्पर्धेत माझा निबंध पहिला आला. स्टेजवरून नाव पुकारलं गेलं आणि तुम्ही डॉक्टरांच्या मुलाला पुढं केलंत. मी स्टाफरूममध्ये आलो, तेव्हा चहा बशीत ओतत म्हणालात, "नाव तेच आहे ना? मग झालं तर." चूक तुम्हाला कळली होती. डॉक्टरांना जाऊन सांगायची छाती नव्हती. आणि ग्रीक वीरांची भालेफेक मात्र दोन्ही हात उडवून सांगायचात!

काल मुलीबरोबर पुढं वाचलं. त्या तिघांतला एक युद्धाआधी दूर कुठं गुरं राखायचा. शत्रूची जहाजं आली तसा ट्रॉयला परतला, आणि राजानं त्याला पोटच्या पोरांसारखं घरात ठेवलं. चारच ओळी आहेत, सर. तुम्ही त्या वाचल्या नव्हत्या, नाहीतर वाचून गाळल्या. कसंही असो, तुम्ही क्षुद्रच ठरता.

निघोज्याच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत हे पत्र लिहितोय. टाकणार कुठं? पण एक सांगायचं राहिलं. तुमच्या आजारपणात पिंपळे गुरवला आलो होतो, चार शब्द सुनावायचे ठरवून. मी नाव सांगितलं, तसं तुम्ही डोळे बारीक करून विचारलंत, "तिघांतला कोणता रे तू?"

मी म्हणालो, "पहिला, सर."

किती खूश झालात तुम्ही. माझा हात सोडतच नव्हतात. आणि मीही तो सोडवून घेतला नाही.